बंगल्यातली घंटी

मी टेलिफोनचा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला हसू यायचं. तार तोडली की फोन मुका झाला, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आता नाही सांगत.

दोनच वर्षं झाली, साल चौऱ्याहत्तर. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम निघालं. तिथं लाईन एकच, पण फोन दोन. एक कचेरीत, दुसरा आवारातल्या मॅनेजरच्या बंगल्यात. कचेरी बंद झाली की कारकून भिंतीवरचा खटका फिरवायचा आणि येणारा फोन बंगल्यात वाजायचा. मॅनेजर रंगराव दिवाळीत वारले, बंगल्याला कुलूप लागलं. तिथला फोन काढून चौकीदाराच्या खोलीत बसवायचा, एवढंच माझं काम.

जीव मात्र माझा अकोल्यात होता. माझी बायको वच्छला तिथल्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता. काही झालं तर इथं कळव, म्हणून तिच्या धाकट्या भावाला, देवमनला, मी जिनिंगचा नंबर देऊन आलो होतो.

बंगल्यातला फोन मी दुपारीच काढून कचेरीच्या टेबलावर आणून ठेवला. आवारातल्या सरकीचा कोंदट वास कपड्यांना चिकटून राहिला होता. दिवेलागणीला वीज गेली. म्हातारे कारकून गोविंदाकाका यांनी कंदील लावला, कागद आवरले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं खटका बंगल्याकडे फिरवला. माझं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात घंटी वाजली.

कचेरीत नाही. कापसाच्या गंज्यांपलीकडे, बंद बंगल्यात. बंगल्याचा फोन तर माझ्यासमोर पडला होता, तारा लोंबत. घंटी मध्येच तुटली… कुणी उचलल्यावर तुटते तशी.

काका हळूच म्हणाले, "इंद्रभान… तिथं तं कोणीच नाई ना?"

मी खटका कचेरीकडे ओढला, रिसीव्हर उचलला. नुसती खरखर. तो फोन देवमनचा असेल तर? या एका विचारानं मी एक्स्चेंजला अकोला मागितलं. तिथल्या ओळखीनं लवकर लागलं आणि दवाखान्यातल्या माणसानं देवमनला बोलावलं.

मी विचारलं, वच्छला कशी आहे?

"पोरगी झाली, ताई बरी हाये. आत्ताच तं सांगतलं तुमाले."

"मले? मी काय म्हणलो?"

"कोणता वार्ड, कोणती खाट, इचारलं. येतोच म्हणले."

पलीकडे देवमनचा आवाज खाली गेला.

"भाऊजी… तुमी कुठून बोलून राह्यले? तुमी तं आत्ता माझ्यासमोर आत गेले. पोरगी तुमच्याच हातात हाये…"

मिळेल त्या ट्रकनं मी अकोला गाठलं. वार्डात मायलेकीच होत्या, दोघी गाढ झोपलेल्या. त्या वेळी मी ढसाढसा रडलो.

पोरगी आता बोलायला लागली आहे. वच्छलाला आई म्हणते, देवमनला मामा. बाबा मात्र ती माझ्याकडे पाहून म्हणत नाही. माझ्या खांद्यावरून, मागे पाहून म्हणते.