बूट धरून बसलेला माणूस

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलंय, आणि जे मोजता येत नाही ते एरवी मी सांगतही नाही. यातलं जेवढं मोजता आलं, त्याच्या नोंदी माझ्या लॅपटॉपवर आहेत.

यंदाच्या फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. जागा भोसरी.

गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी असते. शेजारच्या शेडमधला पत्रे दाबायचा प्रेस बंद, रस्त्यावर टेम्पो नाहीत. आमच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही दोघंच. मी आणि रंगराव काका.

मी तिथे व्हीआर चालवते. शिकणाऱ्याने डोळ्यांवर हेडसेट लावला की त्याला कारखाना दिसतो. एक कामगार कोसळतो, त्याचं हृदय थांबतं. समोर जमिनीवर खराखुरा रबरी पुतळा असतो, त्याची छाती दाबायची. दाब आणि वेग सेन्सर नोंदवतो. दोन मिनिटं नीट दाबलं की आतला कामगार वाचतो.

काका मोशीचे. पन्नाशी ओलांडलेले, प्रेस शॉपचे सुपरवायझर. कंपनीने प्रथमोपचार शिकायला पाठवलेले. हेडसेट लावताना म्हणाले, नातवाचा खेळ आमच्या डोक्यावर चढवताय आणि वरून मार्क पण देणार.

कामगार कोसळला. काका गुडघ्यांवर बसले. हात पुढे केले...

आणि हात थांबले.

पुतळ्यापासून वीतभर अलीकडे. भिंत ढकलावी तसे त्यांचे खांदे थरथरत होते.

मी मॉनिटरवर पाहिलं. काकांना दिसतं तेच तिथे दिसतं. खाली कामगार, भोवती उभी माणसं. मी मोजली. प्रोग्राममध्ये आहेत तेवढीच. सहा.

"मॅडम, ह्याला बाजूला घ्या की."

"कुणाला?"

"त्याच्या नाकाला बूट धरून बसलाय ह्यो."

तिथे कुणी नव्हतं. मी काकांच्या तळव्यांसमोर माझा हात घातला. हवा... फक्त हवा. तरी त्यांचे हात तसूभरही पुढे येत नव्हते.

तेवढ्यात स्पीकरमधला कारखान्याचा आवाज बंद पडला.

शांतता...

मग स्पीकरमधून कुणीतरी हुंदका दिला.

काकांचे ओठ मिटलेले होते. हेडसेटचा माइक बंद होता.

पाचव्या मिनिटाला मॉनिटरवर अक्षरं आली. रुग्ण दगावला.

पाणी पिऊन काकांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी, चाकणला, त्यांच्याच शिफ्टमध्ये ज्योतीराम मशिनपाशी कोसळला. लातूरकडचा, काकांबरोबर एका डब्यात जेवणारा. सगळे म्हणाले, फीट आली. फीट आलेल्याला हुंगवतात तसा काकांनी पायातला बूट काढून त्याच्या नाकाला धरला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत धरूनच ठेवला. खरं तर त्याचं हृदय थांबलं होतं; छातीला कुणी हात लावला नाही, आणि तो गेला. तेव्हापासून रोज, जेवायला बसलं की त्यांना तेच दिसतं.

"तिथं बसलाय ना, मॅडम," ते म्हणाले, "त्यो मीच हाय."

मग म्हणाले, परत लावा.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला बघायचं होतं.

या वेळी त्यांनी ढकललं नाही. कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा एक हात हवेत ठेवला.

"ऊठ बाबा. तुला ठावं न्हवतं. आता सर जरा. मला येतंय."

काही क्षण गेले...

आणि त्यांचे हात थेट पुतळ्याच्या छातीवर टेकले.

मिनिटाला एकशे दहा दाब. खोली पाच सेंटिमीटर. आतल्या कामगाराने डोळे उघडले. काका खूप रडले, मग चहा घेऊन घरी गेले.

मनात अकरा वर्षं साचलेलं बाहेर पडलं, असं मी ठरवलं. हुंदक्याचं सोडलं, तर ते स्पष्टीकरण मला पुरेसं होतं.

सोमवारी पिंपळे गुरवच्या दिव्याने, नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने, तोच प्रसंग केला. गुण उत्तम. हेडसेट काढून तिने सहज विचारलं.

"ताई, पेशंट वाचला. पण ते कोपऱ्यात काका बूट घेऊन रडत बसलेत, त्यांचं काय करायचं असतं? त्याचे वेगळे मार्क आहेत का?"

मी रंगराव काकांबद्दल कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आणखी चौघांनी तेच विचारलं. मॉनिटरवर मला अजूनही सहाच माणसं दिसतात.

शेवटी मी काकांना फोन केला. आवाज एकदम मोकळा. मोशीला जेवायला या म्हणाले. मी ज्योतीरामचा विषय काढला.

"कोण ज्योतीराम?"

मी सगळं सांगितलं. चाकण, फीट, बूट. अनोळखी माणसाची हकिगत ऐकावी तसे ते ऐकत राहिले.

"लई वाईट झालं," ते म्हणाले. "त्याच्या घरी कोण कोण हाय?"

मी फोन ठेवला.

प्रोग्राममधला तो प्रसंग पुसून नवीन टाकायची परवानगी माझ्याकडे आहे. एक बटण दाबायचंय. महिना झाला, मी दाबलेलं नाही.

पुसलं तर आतला तो बूट धरून बसलेला संपेल... की परत काकांकडे जाईल?

तपासायचा एकच मार्ग आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट तपासायची नाहीये.