काठ्यांची पुढची टोकं

जेवणं उरकून पोरं गच्चीवर जमली, तसे काका म्हणाले, हसायचं ते आत्ताच हसून घ्या. गोष्ट माझ्या साडूची आहे. साडू म्हणजे निम्मं भूत तिथंच आलं, असं थोरला पुतण्या पुटपुटला. काका हसले नाहीत.

साडू लोकांना पुन्हा चालायला शिकवायचा. अर्धांगवायूने माणसाचं चालणं विस्कटतं. उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जायला हवा, तर उजवाच जातो. साडूची रीत सोपी होती. दोन लांब काठ्या. पुढची टोकं रोग्याच्या हातात, मागची याच्या. हा मागून हात हलवी, तसे पुढचे हात हलत आणि पाय वळणावर येत. लय बसेपर्यंत काठ्या सोडायच्या नाहीत, एवढाच नियम.

एके वर्षी त्याच रोगाने त्याच्याच बायकोने अंथरूण धरलं. घर एकहाती ओढणारी बाई, कुशीवर वळेना. काठ्या मात्र एका म्हाताऱ्या शिंप्याकडे राहिलेल्या. शिंप्याची चाल शेवटपर्यंत सुधारली नव्हती. महिन्यापूर्वी तो गेला.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे दहा. बायकोला निजवून साडू काठ्या आणायला गेला. शिंप्याच्या सुनेने त्या दारातूनच दिल्या. “बरं झालं नेताय,” म्हणाली आणि कडी लावली.

कालव्याकाठचा रस्ता सुनसान. सवयीने त्याने काठ्या दोन्ही हातांत पुढे धरल्या होत्या. मान खाली.

टोकं जड झाली. कुणी धरावीत तशी.

सवयच ती. तोंडून निघून गेलं, “उजवा पाय... डावा हात.”

काठ्या उलट्या हलल्या. उजव्याबरोबर उजवी. त्याने सुधारलं. पुन्हा उलट. पुन्हा सुधारलं. मग त्याने मान वर केली.

पुढे कुणी नव्हतं.

बोटं उघडेनात. घराचं वळण आलं. आत बायको एकटी, निजलेली... हे असं घेऊन तिच्यापाशी जायचं?

तो वळला नाही. सरळ चालत राहिला. रात्रभर.

“उजवा... डावा... उजवा...”

फटफटायला लागलं, तेव्हा पुढच्याची लय बसली. काठ्या एकदम हलक्या झाल्या. त्या तिथंच टाकून तो घराकडे पळाला.

दार सताड उघडं. उंबऱ्यात बायको उभी. आपल्या पायांवर. डोळे मिटलेले.

“अगं...”

त्याने तिचे हात हातात घेतले.

तिच्या दोन्ही तळव्यांवर काठीच्या रुंदीचे ताजे फोड होते.