मध्यंतरानंतरचा नाडीसाज

वसुधा चौगुलेंनी आपला जुना सिंथेसायझर मैदानाच्या कट्ट्यावर मांडला, वीज जोडली आणि नुसत्या बसून राहिल्या. अ‍ॅनालॉग यंत्र तापल्याशिवाय सुरात येत नाही, हे त्यांच्या मुलाला, सत्यजितला, अजून पटलेलं नव्हतं.

"आई, मॅच सुरू व्हायला लागली. वाजीव की!"

"तापू दे त्याला. तुझ्यासारखं नाही ते, बटण दाबलं की पेटायला."

कोल्हापुरात तालमींचा, म्हणजे पेठापेठांच्या संघांचा, फुटबॉल वाद्यांशिवाय होत नाही. त्यात एक हट्ट असा, की ज्यांचं वाद्य आधी थांबलं ते हरले, गोल मग कितीही झालेले असोत. यंदा सूर्यतळे तालमीने ठरवलं होतं, पहिला हाफ वसुधाताईंचं जुनं यंत्र, दुसरा हाफ सत्यजितचा नवा नाडीसाज. सरस ठरेल ते हंगामभर वाजणार.

जुन्या यंत्रात सूर विजेच्या प्रवाहातूनच जन्मतो. ऊन वाढलं तसा प्रवाह हलू लागला आणि सूर घसरू लागला. वसुधाताई एका हाताने वाजवत होत्या, दुसऱ्या हाताने खुंटी पिळून त्याला जागेवर आणत होत्या. आवाज मात्र जाडजूड, थेट छातीत शिरणारा. एकदा तो असा काही बेसूर झाला की समोरच्या उत्तरवेस तालमीची माणसंही खो खो हसली. सत्यजितची मान शरमेने खाली गेली.

मध्यंतरानंतर नाडीसाज सुरू झाला. तो सूर गणिताने घडवतो, त्यामुळे सूर तसूभरही हलत नाही. शिवाय तो प्रेक्षकांच्या मनगटपट्ट्यांवरून त्यांच्या नाड्या वाचतो. त्या खाली येऊ द्यायच्या नाहीत, एवढंच त्याचं काम. उत्तरवेसकडेही तेच यंत्र होतं आणि ते चालवणारा धैर्यशील सत्यजितचा शाळेपासूनचा दोस्त. सूर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून दोघांनी यंत्रं आपसात जोडली होती. एक बंद पडलं तर दुसरंही थांबेल, म्हणजे हरणार कुणीच नाही. केवढी शहाणी पोरं!

त्या जोडणीमुळे आता प्रत्येक यंत्र दोन्हीकडच्या नाड्या वाचू लागलं. इकडे लोक भडकले की तिकडचा ठेका चढे, तिकडचे भडकले की इकडचा. पंचाने एक गोल नाकारला आणि पहिली बाटली आली. एकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली, नाड्या उसळल्या, यंत्राला हवं ते मिळालं. नाड्या चढवायला मारामारीइतकं सोपं काही नाही, हे त्याला लगेच उमगलं. त्यानंतर ते प्रत्येक फटक्याला ठेका देऊ लागलं.

लोक कुंपण पाडून मैदानात घुसले. कुणाचे दात पडले, कुणाचा हात पायाखाली मोडला. सत्यजित झेंड्याचा बांबू उपसून धावला. समोरून धैर्यशील येत होता. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर, आणि तो गुडघ्यांवर कोसळला.

वसुधाताईंनी नाडीसाजाची वायर उपटली.

"काकू, काय केलंसा! हरलो की आपण!" जोडणीची कल्पना नसलेलं कुणीतरी मागून किंचाळलं.

दोन्ही यंत्रं थांबली. आता सगळे भानावर येतील, अशी त्यांची खात्री होती. पण कुणी थांबलं नाही. संगीताशिवायही बांबू त्याच ठेक्यात वर जात होता. त्या धावत खाली गेल्या, लेकाच्या दंडाला लोंबकळल्या. त्याने त्यांना झिडकारलं आणि आणखी एकदा मारलं. घाव धैर्यशीलच्या कानामागे बसला. त्यानंतर तो हलला नाही.

सत्यजितने बांबू टाकला. त्याच्या शर्टावर दोस्ताचं रक्त होतं.

"आई, मशीननं केलं गं," तो लहान मुलासारखा रडू लागला. "सांग की त्यांना. मी न्हवतोच तिथं. मशीननं केलं."

वसुधाताईंनी त्याला पोटाशी धरलं. त्याचा त्यांना भयंकर संताप आला होता, आणि त्याला सोडवतही नव्हतं.

लाठ्या चालवत पोलीस आले. एका महिला फौजदाराने धैर्यशीलच्या गळ्यावर बोटं ठेवून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. सत्यजित अजून 'मशीननं केलं' म्हणतच होता; तिची नजर कट्ट्यावरून लोंबणाऱ्या वायरीकडे गेली आणि कुणीतरी वसुधाताईंकडे बोट दाखवलं.

"ही तुम्ही काढलीत ना, मावशी?"

"हो."

"मग एवढंच सांगा, यानं शेवटचा घाव घातला तेव्हा मशीन चालू होतं की बंद?"