दार नसलेली मतपेटी

निकाल ऐकून तिन्ही पोरं नगरपालिकेच्या पायऱ्यांवर येऊन बसली आणि खिळ्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. मुकादमला वाटलं, हा आता ओकतोय. तिने त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. रेडिओने वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला, पण वारा घालतानाही त्याची बडबड काही थांबली नाही. उगीच नव्हतं पडलं ते नाव.

"ती पेटी उघडतच नाही," खिळा म्हणाला.

पेटी म्हणजे मुलांची मतपेटी. गावातली बस जुन्याच रस्त्याने जावी की नव्या, यावर सुट्टीत मतदान घ्यायचं ठरलं होतं, आणि नगराध्यक्षांनी मोठ्या कौतुकाने शाळकरी मुलांनाही मत द्यायला बोलावलं होतं. मोठ्यांची पेटी वेगळी, मुलांची वेगळी. मतदानाचं वय खाली आणा, तरुणांना राजकारणात आणा, असं ते प्रत्येक भाषणात म्हणत, आणि म्हणताना डोळे मिटत. पोरं बिचारी ते खरं धरून बसली. ऐन सुट्टीत, खेळ सोडून, घरोघर जाऊन त्यांनी पोरांना मतदानाला बाहेर काढलं.

पेटी केली खिळ्याने. सुताराचा मुलगा, त्यामुळे काम पक्कं. चारी बाजूंना सरस लावला, खिळे ठोकले, वर मत टाकायला फट ठेवली, निळा रंग दिला. तळाला दार ठेवायचं तेवढं राहून गेलं. लक्षात आलं तेव्हा रंग वाळला होता, आणि बाबा हसतील म्हणून त्याची अळीमिळी गुपचिळी. मोजायच्या वेळी फोडतील की, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

"आणि आत्ता ती मतमोजणीच्या साहेबांच्या खोलीत आहे," तो म्हणाला. "पाण्याच्या जारखाली. साधा ओरखडाही नाही तिच्यावर."

रेडिओ चक्क गप्प बसला. कारण त्याच साहेबांनी नुकतंच माइकवरून वाचून दाखवलं होतं की मुलांचाही कौल नव्या मार्गालाच आहे.

बाकीच्यांसाठी हा सुट्टीतला उद्योग होता. मुकादम राहायची टेकडीपलीकडच्या वस्तीत, बसच्या शेवटच्या थांब्यावर. नवा मार्ग वस्तीला टांग मारून बंगल्यांकडून जाणार होता. टेकडीचा रस्ता म्हणजे खडी नेणाऱ्या ट्रकचा रस्ता, चालायला बाजूला वीतभर जागा नाही. वडील खडी फोडायच्या यंत्रावर कामाला, पहाटे निघायचे, तिला पोचवणार कोण? त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, बस बंद तर शाळा बंद. दहावीचं वर्ष असलं म्हणून काय झालं? पोरगी जिवंत राहिली पाहिजे.

रेडिओचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता वर जाऊन बोंब ठोकावी. मुकादमने त्याला खाली ओढलं. साहेब म्हणतील, मोजून परत बंद केली. पोरांचं कोण ऐकतंय? उलट पेटी रातोरात गायब होईल. शनिवारी बालमतदारांचा सत्कार होता. तिथे साहेबांना सगळ्यांसमोर बोलतं करायचं, असं तिने ठरवलं. खिळ्याला ताकीद दिली की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि रेडिओला तर शपथच घातली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. नगराध्यक्ष डोळे मिटून बोलले. आजची मुलं उद्याचे नागरिक, वगैरे. मग मुकादम माइकपाशी गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, मतमोजणी कशी करतात ते आम्हा मुलांना शिकायचंय, साहेबांनी आमच्याच पेटीवर करून दाखवावं. साहेबांना शिकवायची फार हौस. त्यांनी लगेच शिपाईकाकांना पिटाळलं. जार खाली उतरवून शिपाईकाका पेटी घेऊन आले. तिच्या डोक्यावर पाण्याचा गोल वळ उमटला होता.

साहेब म्हणाले, प्रथम पेटी उघडायची. त्यांनी पेटी फिरवली. मग उलटी केली. मग कानाशी नेऊन हलवली, आणि आतून खसखस आवाज आला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या कपाळावर घाम डवरला.

"दार कुठंय हिचं?" ते शिपाईकाकांवर खेकसले.

"दार नाहीच, साहेब," खिळा उभा राहून म्हणाला. "मी ठेवायला विसरलो. तुम्ही मोजली कशी?"

मग हातोडा मागवला गेला. आपल्या हाताने केलेली पेटी खिळ्याने आपल्याच हाताने फोडली, आणि सगळ्यांसमोर मतं मोजली गेली. नव्या मार्गाला मोजकीच मतं होती. बाकीचा सगळा ढीग जुन्या मार्गाचा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगराध्यक्षांनी साहेबांना भर सभेत झापलं, तिघांच्या पाठी थोपटल्या, फोटो काढून घेतला. अशीच चाणाक्ष मुलं राजकारणात हवीत, म्हणाले. रेडिओला तर त्यांनी हारच घातला.

"मग बस जुन्या रस्त्याने जाणार ना?" मुकादमने विचारलं.

ते प्रेमाने हसले. मोठ्यांची मतं नव्या मार्गाला पडली होती, आणि निर्णय त्यांच्यावरच व्हायचा होता. मुलांचं मत फक्त जाणून घ्यायचं होतं, ते आता जाणून घेतलं. सोमवारपासून नवी बस सुरू. बसवर पाट्याही रंगवून झाल्या होत्या.

"मग आमचं मत घेतलं कशाला?"

"सवय व्हावी म्हणून, बाळ," ते म्हणाले. "अठरा पूर्ण झाली की ये. आम्ही वाटच बघू."

रेडिओने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. तिला थांब्यापर्यंत सोडायला दोघं आले. वाटभर खिळा सारखा म्हणत होता, दार ठेवलं असतं तरी काय फरक पडला असता. ते खरंच होतं, आणि म्हणूनच मुकादमला त्याचा राग आला. ती बसमध्ये चढली आणि मागे न बघता जाऊन बसली.

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. शेजारपाजारचे दारात जमले होते. वडील कामावरून आलेले, भुवयांवर अजून खडीची पांढरी धूळ. ते कधी कुणाचं तोंडावर कौतुक करणाऱ्यातले नव्हते. आज त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"साहेबाला घाम फोडलास म्हणे! शाब्बास गं माझे वाघिणी."

तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती बाकी सगळं विसरली.

मग ते शेजाऱ्यांकडे वळून अभिमानाने सांगू लागले की मामाशी बोलणं झालंय, सोमवारपासून ती वस्तीतल्याच त्याच्या लाँड्रीत बसणार, आणि एवढी हुशार पोरगी मिळाली म्हणून मामाही खूश आहे.