विसावं तोंड

आमच्या खुनमिंगच्या प्रयोगशाळेतलं यंत्र वीस तोंडांनी सिगारेट ओढतं. मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, पस्तीस मिलिलिटर. थेंबभर इकडे नाही की तिकडे. माणसांत इतकी शिस्त मी पाहिलेली नाही. एकोणीस तोंडांत सिगारेटी, विसावं रिकामं. खोलीच्या हवेतच काही नाही ना, हे कळावं म्हणून. प्रत्येक तोंडामागे गाळणीची पांढरी चकती. विसावी पांढरीच निघायला हवी.

सोमवारी ती पिवळी निघाली. मागच्या, यंत्राकडच्या बाजूने.

"यंत्राने धूर बाहेर सोडला की काय, ताई?" माझी मदतनीस सूफेन हसली. "सवय लागली वाटतं मेल्याला!"

मी नळ्या बदलल्या, रबरं बदलली. मंगळवारीही तेच. चकतीचं वजन अकरा मिलिग्रॅमने वाढलेलं. निकोटिन मात्र एवढ्या धुरात हवं त्याचा दहावा हिस्सा.

"बाकीचं छातीत राहिलं म्हणायचं," मी म्हणाले.

सूफेन हसली नाही. तिचे वडील, दुआनमास्तर, आमच्याच वरच्या मजल्यावर तीस वर्षं सिगारेटी ओढून चवीचा निवाडा द्यायचे. आता फुप्फुसात गाठ. गुरुवारी ऑपरेशन, पण श्वासाच्या तपासणीत धूर सापडला तर सर्जन हात लावणार नव्हता. आणि दोन्ही दिवस सापडला होता.

"नर्सने उशीसुद्धा उसवली, ताई. बाबा रडले. म्हणाले, तीन आठवडे काडी पेटवली नाही गं. पण रोज सकाळी नऊ ते बारा तोंडात सिगारेटची चव येते."

नऊ ते बारा आमचं यंत्र चालतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख लू साहेब, त्यांना म्हटलं, यंत्र एक दिवस थांबवा. "कारण काय लिहू?" ते म्हणाले. "मास्तरांना ठसका लागतो?"

बुधवारी मी विसाव्या तोंडावर तळहात दाबून बसले. यंत्राने हात आत ओढायला हवा होता.

दर मिनिटाला तळहातावर फुंकर येत होती. कोमट, ओलसर.

बारापर्यंत हात काढला नाही.

चकती पांढरी निघाली.

गुरुवारी मास्तरांचा श्वास स्वच्छ होता. गाठ निघाली.

शुक्रवारी अकराला, खाली यंत्र चालू असताना, मी कॅन्टीनमध्ये होते. सूफेनचा फोन आला. "बाबा पेज मागतायत! नर्सवर ओरडतायतसुद्धा! ऐकताय ना, ताई?"

"ऐकतेय." समोर तांदळाच्या शेवयांचा वाडगा होता. मी रश्श्यावर फुंकर घातली.

समोरच्या माणसाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

"बाई, इथे ओढायला बंदी आहे."