गच्चीवरचा भोपू

"सोडायचं नाही त्याला!" प्रबुद्धने गच्चीवरच्या टाकीच्या कठड्याला लाथ मारली. "सगळ्यांसमोर तोंडावर पाडायचं!"

"हळू बोल रे! आपलीच वाट लावशील," दिशा पुटपुटली.

'तो' म्हणजे मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी, विद्याधर. मे महिन्याची सुट्टी लागल्यापासून रोज रात्री कुठूनतरी "पोंक! पोंक!" असा भोपू वाजायचा. विद्याधरने परस्पर निकाल दिला: वाजवतो तो वॉचमन राजारामचा मुलगा प्रबुद्ध! पुरावा? वॉचमनचा मुलगा आहे, एवढं पुरे! आज रविवारी सातला गच्चीवर सभा, राजारामला काढून टाकायचा ठराव. त्याखाली सभासदांच्या सह्याही आधीच घेऊन ठेवलेल्या. नोकरी गेली की गेटमागची खोलीही गेली.

"पण परवा आवाज आला तेव्हा तू माझ्यासमोर वडापाव हाणत होतास," सौरभ म्हणाला.

"माझा वडापाव!" दिशा फणकारली.

म्हणून तर काल तिघं आवाजाच्या मागावर थेट गच्चीवर पोहोचले होते. आवाज विद्याधरने कुलूप लावलेल्या खोलीतून येत होता! सौरभच्या खांद्यावर चढून प्रबुद्धने झरोक्यातून पाहिलं होतं.

"आई शप्पथ! घोड्याचं तोंड! आणि उलटं टांगलंय!"

दिशाने रात्रीच फोनवर शोधून काढलं होतं. आफ्रिकेतलं फळं खाणारं वटवाघूळ. हातोडीसारखं डोकं असलेला नर. मादीने आपल्याला निवडावं म्हणून तो पंख फडफडवत भोपूसारखा ओरडतो. तिथे असे कितीतरी नर एकत्र जमून, चढाओढीने ओरडतात.

"चोरून आणलंय," दिशाचे डोळे पेटले. "इथे कुठली मादी? मरेपर्यंत ओरडत राहील बिचारा!"

"वनखात्याला कळव," सौरभ म्हणाला.

"कळवलंय. आज सातला येतायत."

"झकास! ते येईपर्यंत भर सभेत वटवाघळाला ओरडायला लावू," प्रबुद्ध हसला. ते हसू चांगलं नव्हतं.

सात वाजले. सभासद खुर्च्यांवर, राजाराम हात बांधून कोपऱ्यात उभा. सभेची सुरुवात नेहमीप्रमाणे श्रद्धांजलीने. मागच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरचे आजोबा गेले होते.

"दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया," विद्याधर गंभीरपणे म्हणाला.

सगळे उठले. प्रबुद्ध मुद्दाम पहिल्या रांगेत, हात सरळ, ओठ घट्ट मिटलेले. टाकीमागे सौरभने स्पीकरचं बटण दाबलं. दिशाला फोनवर सापडलेली, आफ्रिकेतल्या दुसऱ्या नराची हाक, अगदी बारीक आवाजात.

आणि बंद खोलीतून उत्तर आलं. "पोंक! पोंक! पोंक!"

विद्याधरचा चेहरा पांढरा! पण स्तब्धता त्यानेच जाहीर केलेली, हलणार कसा? दोन मिनिटं वटवाघूळ बोंबलत होतं आणि अख्खी सोसायटी कुलपाकडे बघत होती. प्रबुद्ध फक्त विद्याधरकडे बघत होता. डोळ्याची पापणी न हलवता.

"अरे, पोरगा तर इथेच उभाय!" म्हाताऱ्या सोनूबाई कडाडल्या. "विद्याधर, काढ चावी!"

"ती... ती हरवलीय..."

"मग खिशात काय वाजतंय, काका?" दिशाने विचारलं.

एवढ्यात वनखात्याची माणसं जिना चढून आली. खोली उघडली. ते थोराड जनावर त्यांनी हळुवारपणे कापडात गुंडाळलं आणि विद्याधरला सोबत यायला सांगितलं.

"शाबास रे पोरांनो!" सोनूबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. टाळ्या वाजल्या.

"शाबासकी नंतर," प्रबुद्ध म्हणाला. त्याने विद्याधरची खुर्ची ओढली. "पप्पा, बसा."

राजाराम घुटमळला. मग बसला.

प्रबुद्ध सभासदांकडे वळला. "ठरावाखाली सह्या केल्यात ना? आता माफी मागा. एकेकाने. काका, जायच्या आधी पहिला नंबर तुमचा."

गच्चीवर रांग लागली.