दुसऱ्याच्या नावाचा ओ

किमया रोह्याहून निघाली तेव्हा डिसेंबरातलं छान ऊन पडलं होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, माइक आणि आईने बळेच कोंबलेला लाडवांचा डबा. काम अगदी साधं होतं. वडखळच्या पुढे खाडीच्या कडेला प्रविणचं गाव आहे. तिथे जायचं, पॉडकास्टचा एक भाग रेकॉर्ड करायचा आणि फार रात्र व्हायच्या आत स्कूटरने परत फिरायचं. असल्या कामाला निघालेल्या पोरीला कोण अडवणार?

किमया आणि प्रविण पेणच्या कॉलेजातले मित्र. ती रोह्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची, तो नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर. कॉमिक्स, व्हिडिओ गेम, रोबो, परग्रहावरची माणसं या विषयांवर दोघं भांडायला लागली की चहा गार होऊन जायचा. त्या भांडणाचाच त्यांनी पॉडकास्ट केला आणि नाव ठेवलं 'सुकट आणि स्पेसशिप'. घरच्यांनी कपाळावर हात मारला. पण ऐकणारे वाढत गेले. पुण्यातल्या हॉस्टेलमधली पोरं ऐकायची, दुबईत क्रेन चालवणारा एक जण तर दर भागावर हक्काने भांडायचा.

श्रोत्यांचं सगळ्यात लाडकं सदर होतं 'हाक'. पुढच्या भागाचा विषय श्रोत्यांनी सुचवायचा, तोही व्हॉइस नोटवर. आधी दोघांपैकी एकाला नावाने हाक मारायची, मग विषय सांगायचा. ज्याचं नाव घेतलं त्याने 'ओ' द्यायचा. ओ दिला म्हणजे विषय पक्का. मग कुणी म्हणे, काळात मागे जाऊन स्वतःचंच लग्न मोडता येईल का यावर बोला. कुणी म्हणे, झोंबी आले तर गणपतीच्या कारखान्यात लपता येईल का. प्रविण या असल्या विषयांना ताबडतोब ओ द्यायचा आणि मग पाऊण तास त्यावर गंभीर चर्चा करायचा.

ही कल्पना मिठागरावरची. प्रविणची आई बायजाबाई तरुणपणी मिठागरावर राबलेली. तेव्हा दिवस मावळला की मुकादम बांधावर उभा राहून खाली आगरात, मिठाच्या वाफ्यांत, असलेल्यांना एकेकाच्या नावाने हाक मारायचा. ज्याचा ओ आला तो वर आला असं धरायचं. ओ नाही आला तर कंदील घेऊन सगळे खाली उतरायचे, कारण भरतीचं पाणी कुणाची वाट बघत नाही. ही रीत आपल्या कार्यक्रमात घेतोय म्हटल्यावर बायजाबाईला आधी हसू आलं. मग हसू आवरून ती म्हणाली,

"खेळा तुमी. पन एक सांगते, दुसऱ्याच्या नावाचा ओ कुनी देयाचा नाय. एकदा ओ गेला की मुकादम फुडल्या नावाकडं वळतो. मंग त्या मानसाला कुनी शोदीत नाय."

शिवा नावाच्या एका माणसाच्या बाबतीत तसंच झालं होतं म्हणे. घरी जायची घाई होती म्हणून कुणीतरी गमतीत त्याच्या नावाचा ओ दिला आणि शिवा सकाळी ओहोटीला सापडला. महिपती मुकादम त्यानंतर अंथरुणाला खिळेपर्यंत रोज बांधावर येऊन हाका मारत होता. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मिठागरही बंद पडलं. बांधाला खांडी गेल्या, भगदाडं पडली, मिठाच्या वाफ्यांत खाडीचं पाणी शिरलं आणि मध्ये उरली ती मुकादमाची जुनी दगडी चौकी. भिंती जाड, आसपास चिटपाखरू नाही, रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा नव्हती. मोठ्या बांधावरून एक अरुंद आडबांध चौकीपर्यंत जायचा. त्याचा मधला भाग खचलेला, उधाणाला तिथे पाणी चढायचं.

गेल्या पंधरवड्यात एक व्हॉइस नोट आली होती. नाव नाही, फोटो नाही. सुरुवातीला नुसता वारा. मग एका म्हाताऱ्याचा आवाज, लांबून यावा तसा.

"प्रविण..."

मग शांतता. ओ देता येईल एवढी. आणि मग सावकाश, "मिठागरावर कोन राह्यलं... त्याच्यावर एक भाग करा."

किमयाला विषय फारच आवडला. तिने तो श्रोत्यांच्या ग्रुपवर टाकला, तर सगळे पेटलेच. करा, हाच करा. दुबईवाल्याने तर दिवसभर दुसरं काही बोलू दिलं नाही. प्रविणने मात्र नोट ऐकली आणि फोन खाली ठेवला.

"याला ओ नको देऊ," तो म्हणाला. "लहानपणी ऐकलीय मी ही हाक. मुकादम असाच नाव ताणायचा."

किमयाने त्याची भरपूर चेष्टा केली. परग्रहावरच्या राक्षसांना न घाबरणारा माणूस एका म्हाताऱ्याला घाबरला, हे तिने ग्रुपवरही लिहिलं. प्रविण हसला नाही. आणि तिने मनाशी ठरवलं की प्रविण यायच्या आधीच ती हाक रेकॉर्ड करून टाकायची, म्हणजे वादच नको.

ते अवघड नव्हतं. प्रविणची शिफ्ट लांबली की तो रेकॉर्डिंगला नसायचा, म्हणून दोघांनी आपापले ओ आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते. कंटाळलेला, दचकलेला, आनंदाचा, प्रत्येकी चार-पाच तऱ्हांचे. 'हाक' रेकॉर्ड करायची पद्धतही ठरलेली. चौकीतच असलेला मोठ्या आवाजाचा स्पीकर खिडकीत ठेवायचा, तोंड बाहेर आगराकडे. माइक मागच्या भिंतीशी. आवाज पाण्यावरून फिरून आला की खरीखुरी हाक वाटायची.

बायजाबाईकडून किल्ली घेऊन ती चौकीत पोचली तेव्हा सूर्य खाडीच्या अंगाला टेकला होता. कुजलेल्या शेवाळाचा आणि खाऱ्या चिखलाचा वास येत होता. अमावास्या होती, पाणी चढायला लागलं होतं. इतक्यात प्रविणचा फोन आला.

"उघाडीपाशी पोचलोय," तो म्हणाला. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आतबाहेर सोडायची बांधातली झडप. "खाली आगरात कोणीतरी हाक मारतंय गं. माझ्याच नावानं. अडकलंय वाटतं कोण. बघतो नि येतो."

"बघ, तुझा मुकादमच असेल," किमया म्हणाली. तिकडून फोन बंद झाला.

तिने खिडकी उघडली, स्पीकर लावला आणि नोट सुरू केली. *प्रविण...* त्या ठरलेल्या शांततेत तिने प्रविणचा ओ सोडला, आनंदाचा. आवाज आगरावर लांबवर गेला. बाहेर कुठेतरी बाईमाणसाचा आवाज आल्यासारखा वाटला, म्हणून तिने ते रेकॉर्डिंग टाकून दिलं आणि पुन्हा एकदा ओ वाजवला. या वेळी सगळं शांत होतं.

प्रविण आला नाही. अंधार पडला तसं तिला त्या खोलीत बसवेना. स्पीकर तिथेच ठेवून, कुलूप घालून ती प्रविणच्या घरी गेली. आडबांधावर पाणी घोट्याला लागलं. घरात बायजाबाई चुलीपाशी होती, भाताचा वास सुटला होता.

"प्रविन मागं राह्यला का गो?"

"तो अजून आलाच नाही, काकू."

"आला ना. येल झाली म्हनून बांदावरनं हाक मारली मी, तर ओ दिलान त्यानं. दोनदा दिलान. मंगच घरी येऊन भात टाकला."

किमयानेही दोनदाच ओ वाजवला होता. तिला सगळं कळलं. ती नुसती म्हणाली, चला बघू या.

गाव बॅटऱ्या घेऊन निघाला. प्रविणची मोटारसायकल उघाडीजवळ स्टँडवर लावलेली होती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. खाली सगळं पाणीच पाणी. तो सकाळी ओहोटीला सापडला, कमरेपर्यंत गाळात रुतलेला. एक हात तोंडापाशी तसाच राहिला होता, हाक मारताना धरतात तसा. तिथे दुसरं कुणी अडकल्याची खूण नव्हती. थोडं आधी कळलं असतं तर दोर टाकून वर काढला असता, असं गावातले जाणते बोलले. बायजाबाई प्रत्येकाला एकच सांगत होती, त्यानं ओ दिला, मी आयकला माज्या कानानी. लोक एकमेकांकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. किमयाही त्यांच्यातच उभी होती, मान खाली घालून.

तिने पॉडकास्ट बंद केला. श्रोत्यांनी भरभरून लिहिलं, दुबईवाला तर फोनवर लहान पोरासारखा रडला. हळूहळू नोटा यायच्या थांबल्या. मग एके दिवशी क्लास चालू असताना एक आली. सुरुवातीला वारा.

"किमया..."

शांतता. ओ देता येईल एवढी.

"मिठागरावर कोन राह्यलं... त्याच्यावर एक भाग करा."

तिने ती पुसून टाकली. उलट फोन लावला, तर असा नंबर अस्तित्वात नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी नोट पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. किमयाची झोप उडाली, जेवण तुटलं. तिला वाटायला लागलं की बायजाबाईला खरं सांगितल्याशिवाय हे थांबायचं नाही. आणि थांबलं नाही तरी सांगायला हवंच होतं. पोराने वाचवा म्हणून मारलेल्या हाका ऐकायला बांधावर कुणी थांबलं नाही, ते आपल्यामुळे, हे ओझं घेऊन जगायचं तरी कसं?

ती परत त्या गावी गेली ती दुपारीच. बायजाबाई ओसरीवर बसली होती, अर्धी झाली होती. डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं. किमयाने तोंड उघडायच्या आत तिनेच चौकीची किल्ली पुढे केली.

"तुमचा सामान पडलाय तितं. आदी तो घिऊन ये गो. मला बगवत नाय."

पाणी उतरलेलं होतं. चौकीत सगळं तसंच होतं, धुळीने भरलेलं. स्पीकर कधीचाच बंद पडला होता. किमयाने स्पीकर, वायरी, माइकचा स्टँड सगळं सॅकमध्ये भरलं. मग तिथेच जमिनीवर बसून काय बोलायचं याची मनातल्या मनात उजळणी करायला लागली आणि तिला रडू कोसळलं. किती वेळ गेला ते कळलं नाही. बाहेर पाहिलं तर उन्हं गेलेली. तिने खिडकी आतून कडी घालून बंद केली, दाराला कुलूप लावलं आणि निघाली.

आडबांधावर पाणी आलं होतं. इतक्या लवकर यायला नको होतं. मधल्या खचलेल्या भागात तिचा पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेला. ओढून काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला, तर तोही गेला. पुढे मोठ्या बांधावर बायजाबाई येऊन उभी राहिलेली दिसत होती. ती रोज येते, हे किमयाला गावातल्या बायकांनी सांगितलं होतं.

"प्रविन... ए प्रविन..."

बायजाबाई थांबली. कान देऊन बराच वेळ उभी राहिली. कुणी ओ दिला नाही. मग तिने तोंड चौकीकडे वळवलं.

"किमया... ए किमया... वर आलीस का गो?"

किमयाने श्वास भरून घेतला. तिच्या तोंडून आवाज निघायच्या आधीच तिच्या पाठीमागून, कुलूप घातलेल्या चौकीतून ओ आला. तिचाच. आनंदाचा.

स्पीकर तिच्या पाठीवर होता. तिने मान वळवून पाहिलं. चौकीची खिडकी सताड उघडी होती.

"आली बाय," बायजाबाई स्वतःशीच म्हणाली, पदर डोक्यावर घेतला आणि बांधावरून पलीकडे उतरली. किमया ओरडली, जीव तोडून ओरडत राहिली, पण वारा खाडीच्या दिशेने वाहत होता. पाणी मांड्यांना लागलं तेव्हा गावाच्या अंगाला चुलीचा धूर वर चढताना दिसला. दोघींसाठी भात टाकला असणार.